सोन्याच्या नाण्यावरचा काच कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात गुप्त काळातल्या एका सोन्याच्या नाण्याचा फोटो छापला होता, खाली फक्त एवढंच लिहिलेलं, 'काच, इसवी सनाचं चौथं शतक'. त्यावरनं इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर याच नाण्याला देतोय. ज्यांचे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

मी इतिहासात बीए केलंय. श्रीगुप्त, घटोत्कच, चंद्रगुप्त, समुद्रगुप्त ही वंशावळ तोंडपाठ आहे, त्यात काच कुठंच नाही. मग हा राजा आला कुठनं? खरा राजा होता की कोण बंडखोर होता?
(एक वाचक, शिवाजी पेठ)

तुमची वंशावळ बरोबर आहे आणि त्यात काच नाही हेही बरोबर आहे. गुप्तांच्या एकाही शिलालेखात किंवा ताम्रपटात काच नावाचा राजा येत नाही, हा माणूस आपल्याला फक्त त्याच्या सोन्याच्या नाण्यांमुळं माहितीय. म्हणूनच भांडण दीडशे वर्षं चाललंय. आणि मला विचाराल तर गुप्तांच्या इतिहासातला हा सगळ्यात जिवंत प्रश्न आहे.

आधी नाणं नीट बघूया, कारण पुरावा म्हणून हातात तेवढंच आहे. वजन साडेसात ग्रॅमच्या आसपास. पुढच्या बाजूला राजा डावीकडं तोंड करून उभा आहे, अंगात कोट आणि पायात विजार, हा पोशाख कुषाणांच्या नाण्यांवरनं आलेला. उजव्या हातानं तो छोट्या वेदीवर धूप टाकतोय. डाव्या हातात उभा दांडा आहे आणि दांड्याच्या टोकावर चक्र. आता त्याच डाव्या हाताच्या खाली बघा, ब्राह्मी लिपीत दोन अक्षरं एकाखाली एक बसवलेली दिसतील, वर 'का' आणि खाली 'च'. कडेनं गोल फिरणारी ओळ आहे ती अशी, 'काचो गामवजित्य दिवं कर्मभिरुत्तमैर्जयति', म्हणजे पृथ्वी जिंकून झाल्यावर काच आपल्या उत्तम कर्मांनी स्वर्ग जिंकतोय. मागच्या बाजूला लक्ष्मी उभी, एका हातात फूल, दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग, आणि शेजारी एकच शब्द कोरलाय, 'सर्वराजोच्छेत्ता'. सगळ्या राजांना मुळासकट उखडून टाकणारा.

सगळा वाद या एका शब्दाभोवती फिरतोय, कारण पुढच्या गुप्त राजांच्या लेखांत हेच बिरुद समुद्रगुप्ताला लावलेलं आहे. त्यामुळं फ्लीट, ॲलन अशा मोठ्या अभ्यासकांनी सरळ सांगून टाकलं की काच म्हणजे समुद्रगुप्तच, त्याचं आधीचं नाव काच असणार आणि दिग्विजय केल्यावर त्यानं समुद्रगुप्त हे नाव घेतलं असणार. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. समुद्रगुप्ताच्या धनुर्धारी नाण्यावर 'अप्रतिरथो विजित्य क्षितिं सुचरितैर्दिवं जयति' अशी ओळ आहे आणि ती काचाच्या ओळीशी जवळपास जुळते, दोन्हीकडं आधी पृथ्वी जिंकायची आणि मग चांगल्या कामांनी स्वर्ग.

ऐकायला हे पटतं पण मला ते पुरेसं वाटत नाही, आणि कारण आपल्याच महाराष्ट्रात आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, तिचा पुणे ताम्रपट म्हणून जो प्रसिद्ध आहे त्यात तिनं 'सर्वराजोच्छेत्ता' हे बिरुद आजोबा समुद्रगुप्ताला नाही तर वडिलांना, म्हणजे चंद्रगुप्ताला लावलंय. मग हा शब्द एकट्या समुद्रगुप्ताचा कसा म्हणायचा? घराण्यात फिरणारं बिरुद होतं ते, ज्याला स्वतःला मोठा म्हणवून घ्यायचं तो लावणार. पृथ्वी जिंकून स्वर्ग जिंकण्याची ओळही तशीच, ती पुढं दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या छत्र असलेल्या नाण्यावरही थोड्या फरकानं येते, म्हणून काय समुद्रगुप्त आणि चंद्रगुप्त एकच माणूस होत नाहीत.

दुसरं असं की गुप्त राजे नाण्यावर हाताखाली आपलं नाव घालायचे, समुद्र, चंद्र, कुमार. बिरुदं बाकीच्या जागी. काचाच्या नाण्यावर त्या नावाच्या जागेवर 'काच' आहे. आणि समुद्रगुप्ताच्या ध्वजवाल्या नाण्यावर शेजारी गरुडध्वज दिसतो, इथं चक्र आहे. एकाच राजानं नावही बदललं, ध्वजही बदलला आणि त्याबद्दल कुठंच एक ओळ लिहून ठेवली नाही हे मानायला मन तयार होत नाही. काच हे नाव त्या काळात वेगळं किंवा विचित्र होतं असंही नाही, अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यातल्या लेखात तिथल्या स्थानिक राजांच्या यादीत काच नाव येतंच की.

मग कोण होता? माझं मत, आणि बऱ्याच अभ्यासकांचंही, की तो समुद्रगुप्ताचा भाऊ किंवा अगदी जवळचा भाऊबंद असणार, ज्यानं पहिल्या चंद्रगुप्तानंतर काही काळ गादी धरली. याला आधार प्रयागच्या स्तंभावर आहे, तोच अशोकाचा स्तंभ ज्यावर समुद्रगुप्ताच्या हरिषेण नावाच्या अधिकाऱ्यानं त्याची प्रशस्ती लिहिली. त्यातला चौथा श्लोक एकदा सावकाश वाचा. भर दरबारात बाप पोराला मिठी मारतो, अंगावर काटा आलेला, डोळ्यांत पाणी, आणि म्हणतो की तूच लायक आहेस, ही सगळी पृथ्वी सांभाळ. दरबारी सुटकेचा श्वास सोडतात. आणि 'तुल्यकुलज', म्हणजे बरोबरीच्या कुळात जन्मलेले, ते उतरलेल्या चेहऱ्यानं त्याच्याकडं बघत राहतात. आता सांगा, गादीवर दुसऱ्या कुणाचा दावाच नव्हता तर चेहरे कुणाचे उतरले? आणि दरबारी कशाला सुटकेचा श्वास सोडतील? विजेत्याच्या माणसानं लिहिलेल्या स्तुतीत हे आलंय हे विशेष, म्हणजे प्रकरण लपवण्यासारखं राहिलेलं नव्हतं. फादर हेरास यांनी हाच धागा धरून काच म्हणजे समुद्रगुप्ताच्या विरोधात उभा राहिलेला भाऊ असं मांडलं होतं.

वंशावळीत नाव नाही म्हणून राजा नव्हता असं म्हणता येत नाही हे कोल्हापूरकरांना मी वेगळं काय सांगू. गुप्तांच्या लेखातली वंशावळ मुलापासून बाप, बापापासून आजोबा अशी सरळ वर जाते, बाजूच्या भावाला त्यात जागाच नसते. आपल्या करवीरच्या गादीवर १७१४ साली राजाराम महाराजांच्या राणी राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीराजांना बसवलं, आणि राजारामांच्या दुसऱ्या राणी ताराराणी नि त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे पन्हाळ्यावर कैदेत गेले. पुढं संभाजीराजांच्या बाजूनं कुणी फक्त बाप-मुलगा अशी ओळ लिहिली तर त्यात राजारामांनंतर थेट संभाजी येतील आणि मधले शिवाजीराजे दिसणारच नाहीत. पण ते गादीवर होते, हे आपल्याकडं कागद शिल्लक आहेत म्हणून पोराटोरालाही माहितीय. काचाचे कागद राहिले नाहीत, सोनं राहिलं.

बंडखोर म्हणायचं की राजा, हा तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. ज्यानं स्वतःच्या नावानं सोन्याचं नाणं पाडलं, टांकसाळ ज्याच्या ताब्यात होती, आणि ज्याचं नाणं वजनात नि कारागिरीत समुद्रगुप्ताच्या नाण्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं, तो माझ्या हिशोबी राजाच. बंडखोर हा शब्द जिंकलेल्या बाजूचा आहे.

काच म्हणजे घटोत्कच असं माझ्या मामांकडच्या जुन्या पुस्तकात आहे.
(एक वाचक, इचलकरंजी)

हो, सुरुवातीच्या काही अभ्यासकांनी तसं मानलं होतं, आता कुणी मानत नाही. घटोत्कच हा पहिल्या चंद्रगुप्ताचा बाप, लेखांत त्याला नुसतं 'महाराज' म्हटलंय, 'महाराजाधिराज' ही पदवी चंद्रगुप्तापासून सुरू होते. छोट्या मांडलिक दर्जाच्या माणसानं सगळ्या राजांना उखडणारा म्हणून सोन्याची नाणी काढणं बसत नाही.

ध्रुवदेवीला शकांच्या हवाली करायला निघालेला रामगुप्त, तोच काच, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं काय?
(एक ताई, सांगली)

ताई, ही गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, बाकीच्या वाचकांसाठी. विशाखदत्ताचं 'देवीचंद्रगुप्त' नावाचं नाटक होतं, आज त्याचे तुकडेच उरलेत, दुसऱ्यांच्या ग्रंथांत उदाहरण म्हणून घेतलेले. त्यात समुद्रगुप्तानंतरचा राजा रामगुप्त शकांच्या वेढ्यात सापडतो आणि सुटकेसाठी राणी ध्रुवदेवी द्यायला कबूल होतो, तेव्हा धाकटा भाऊ, म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, राणीचा वेष घेऊन जातो आणि शकराजाला मारतो. पुढं रामगुप्त मारला जातो, ध्रुवदेवी आणि राज्य दोन्ही चंद्रगुप्ताकडं येतं. बाणभट्टानंही हर्षचरितात बाईच्या वेषातल्या चंद्रगुप्तानं शकपतीला मारल्याचा उल्लेख केलाय.

आणि तुम्ही सांगलीच्या, म्हणून हे आवर्जून. राष्ट्रकूट राजा गोविंद चौथा याचा इसवी सन ९३३ चा ताम्रपट सांगली ताम्रपट म्हणूनच ओळखला जातो. त्यात गोविंदाची स्तुती करताना म्हटलंय की अंगात ताकद असूनही यानं थोरल्या भावाशी क्रूरपणा केला नाही, भावाच्या बायकोकडं जाऊन बदनामी ओढवून घेतली नाही, तरी दातृत्वानं आणि साहसानं हा जगात साहसांक झाला. साहसांक म्हणजे चंद्रगुप्त विक्रमादित्य. नाव न घेता टोमणा कुणाला हे वेगळं सांगायला नको. साडेपाचशे वर्षांनंतरही ती गोष्ट दख्खनेत लोकांच्या तोंडी होती.

आता काच आणि राम एक का म्हणतात? डॉ. दे. रा. भांडारकरांचं म्हणणं होतं की मूळ नाव काचच, नक्कल करणाऱ्यांनी जुन्या लिपीतली मिळतीजुळती अक्षरं चुकीची वाचून राम केलं. तेव्हा रामगुप्ताचा स्वतःचा म्हणावा असा पुरावा हातात नव्हता म्हणून हा तर्क जोरात होता. पण नंतर विदिशा आणि एरण भागात रामगुप्ताच्या नावाची तांब्याची छोटी नाणी मिळाली, आणि १९६९ मध्ये विदिशेजवळ दुर्जनपूरला तीर्थंकरांच्या तीन मूर्ती सापडल्या ज्यांच्या बैठकीवर चक्क 'महाराजाधिराज श्रीरामगुप्त' असं कोरलंय. मग नक्कलकाराची चूक कशी म्हणणार? राम हा रामच होता.

शिवाय काचाच्या नाण्याची ठेवण गुप्तांच्या सगळ्यात आधीच्या नाण्यांत बसते, तो कुषाणी कोट, ती वेदी, तो उभा राहण्याचा ढंग. रामगुप्ताचा काळ समुद्रगुप्ताची मोठी कारकीर्द संपल्यावर येतो आणि तोवर वीणा वाजवणारा राजा, वाघ मारणारा राजा, अश्वमेधाचा घोडा अशी नाणी येऊन गेलेली होती. एवढं सगळं झाल्यावर कुणी पुन्हा मागं जाऊन जुन्या घाटाचं नाणं पाडेल असं मला वाटत नाही. त्यामुळं माझं उत्तर नाही, काच वेगळा आणि राम वेगळा. दोघांचं नशीब मात्र सारखं, दोघांनाही भावानं मागं टाकलं आणि दोघंही वंशावळीतनं गेले.

या नाण्यांचा आणि आपल्या कागल तालुक्याचा काही संबंध आहे असं आमच्या सरांनी सांगितलं, पण पुढं काही बोलले नाहीत.
(कॉलेजची विद्यार्थिनी, मुरगूड)

तुमच्या सरांनी अगदी बरोबर सांगितलं, आणि हा प्रश्न आला म्हणून मला फार बरं वाटलं. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर, जन्म १८९८, गाव म्हाकवे, तालुका कागल. हा आपला माणूस बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन भारताच्या इतिहासाचा प्राध्यापक झाला, नंतर पाटण्याला गेला, आणि गुप्तांच्या नाण्यांवर आजही कुणाला बोलायचं असेल तर अळतेकरांना ओलांडून पुढं जाता येत नाही.

१९४६ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या भरतपूर संस्थानात बयानाजवळच्या एका शेतात पोरांना तांब्याचं भांडं मिळालं, आत गच्च सोन्याची नाणी. दोन हजाराच्या वर असावीत, काही गावात गेली, काही वितळली, शेवटी १८२१ हाती आली. गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. त्याची नाणं नाणं हातात घेऊन, वजन करून, अक्षर अक्षर वाचून यादी केली ती अळतेकरांनी, १९५४ मध्ये ती छापून आली. त्यातले आकडेच बघा, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८, समुद्रगुप्ताची १८३, काचाची १६, पहिल्या चंद्रगुप्ताची १० आणि स्कंदगुप्ताचं एकच. दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ ते यावरनं कळेल, १८२१ मध्ये १६. पण ही १६ नाणी दुसरंही एक सांगतात. ज्यानं हे भांडं पुरलं त्याच्या काळात, म्हणजे काचानंतर शंभरेक वर्षांनी, काचाचं नाणं समुद्रगुप्ताच्या नाण्यांबरोबर खरं चलन म्हणून चालत होतं, कुणी ते वेचून आटवलं नव्हतं. नाव यादीतनं काढलं तरी बाजारात सोनं सोनंच होतं.

रामगुप्तावरचा अळतेकरांचा मोठा लेख तर १९२८ सालचा, म्हणजे विदिशेच्या मूर्ती सापडायच्या चाळीसेक वर्षं आधी त्यांनी रामगुप्त खरा होता हे मांडलं होतं, हातात फक्त नाटकाचे तुकडे आणि ताम्रपट असताना. आणि तो खरा ठरला! १९६० ला ते गेले, मूर्ती बघायला राहिले नाहीत याची मला खरंच हळहळ वाटते. म्हाकवे गावात शाळेतल्या पोरांना हे नाव रोज दिसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, गावकऱ्यांनी आणि शिक्षकांनी मनावर घ्यावं.

गुजरीत ओळखीच्या एकानं काचाचं नाणं विकायला आलंय म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मशीनवर सोनं चेक करून दिलंय म्हणतोय. घेऊ का?
(एक वाचक, राजारामपुरी)

दादा, फोटोवर घेऊ नका. मशीन फक्त धातू सांगतं, वय सांगत नाही. जुनं सोनं आटवून त्यातनं नवीन नकली नाणं पाडलं तर मशीन पास करणारच. खरं गुप्त नाणं ठशावर घाव घालून पाडलेलं असतं, त्यामुळं कड थोडी वेडीवाकडी, चित्र एका बाजूला सरकलेलं, कडेच्या ओळीतली निम्मी अक्षरं बाहेर गेलेली, हे सगळं नॉर्मल आहे. साच्यात ओतलेल्या नकलेत भिंगाखाली बारीक बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल झालेल्या असतात आणि कडेला जोडाची रेघ घासून काढल्याच्या खुणा असतात. ओळ पूर्ण, गोल आणि स्वच्छ वाचता येतेय म्हणून लोक खूश होतात, तिथं उलट जास्त सावध व्हायला पाहिजे.

आणि कायद्याचं पण बघा. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, विकणाऱ्याकडं लायसन्स लागतं आणि देशाबाहेर न्यायला बंदी आहे. विकणारा म्हणाला की शेतात सापडलंय तर मग विषयच वेगळा, १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, दडवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर शिक्षा होऊ शकते. तेव्हा लायसन्स, पावती आणि नाणं आलं कुठनं त्याचा कागद, तिन्ही असेल तरच पुढं बोला.

अशी वादातल्या राजांची नाणी आपल्या कोल्हापुरात काही सापडलीत का? सोन्याची नसली तरी चालतील.
(एक आजोबा, कसबा बावडा)

सापडलीत की आजोबा, आणि शिशाची! पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीचं नाव तुम्ही ऐकलं असणारच, १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं, टाऊन हॉल म्युझियममध्ये समुद्रदेव पोसायडनची जी छोटी मूर्ती आहे ती त्याच ब्रह्मपुरीची. कोल्हापूर भागात सातवाहन काळातल्या तीन राजांची नाणी मिळतात, वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर. धनुष्यबाण आणि डोंगराचं चिन्ह असलेली. हे सातवाहनांचेच कुणी होते, त्यांचे सुभेदार होते की स्वतंत्र राजे होते, यावर काचासारखाच वाद आहे.

पण इथं आपल्याकडं एक गोष्ट आहे जी काचाच्या बाबतीत नाही. सिवलकुरानं पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारला, आणि गोतमीपुतानं या दोघांच्याही नाण्यांवर आपला मारला. खालचं जुनं नाव अर्धवट दिसतं, वर नवीन. त्यामुळं आधी कोण, मग कोण हा क्रम पक्का लागला. काचाच्या नाण्यावर समुद्रगुप्ताचा ठसा मारलेलं किंवा उलट असं एक जरी नाणं उद्या कुठं मिळालं तर मी वर जेवढं लिहिलंय त्यातलं निम्मं एका झटक्यात सुटेल.

घरात अशी शिशाची नाणी असतील तर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका, आणि लाकडी कपाटात तर ठेवूच नका. लाकडातनं सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिसं पांढरं पडून भुगा होतं. जाड कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि एकदा टाऊन हॉलला नेऊन दाखवा.